इम्युनिटी वाढवून काय करणार?

मेडिकलच्या दुकानात काउंटरवर पूर्वी खोकल्याच्या गोळ्यांच्या बरण्या असायच्या. आता तिथे 'इम्युनिटी बूस्टर' असतात. काढ्याच्या पुड्या, चघळायच्या गोळ्या, थेंब, ज्यूस... २०२० मध्ये या प्रकाराला जोर आला आणि करोना ओसरला तरी ही लाट काही ओसरली नाही. माझं म्हणणं असं, की रोगप्रतिकारशक्ती म्हणजे टीव्हीचा आवाज नव्हे, की रिमोटचं बटण दाबलं आणि वाढला. आणि खरोखर तशी वाढवता आली असती, तर दुसऱ्याच दिवशी आपण डॉक्टरकडे जाऊन "कमी करा हो" म्हणालो असतो.

साधी सर्दी घ्या. नाक वाहतं, ताप येतो, अंग मोडून येतं. यातला बराचसा भाग विषाणूचा नसतोच, आपल्याच रोगप्रतिकारशक्तीच्या कामाचा असतो. ती आणखी 'बूस्ट' केली तर नाक आणखी वाहील! परागकण किंवा शेंगदाणा यांना शत्रू समजून ती अंगावर धावली की ॲलर्जी होते. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर धावली की टाइप १ डायबेटिस, सांध्यांवर धावली की आमवात. आमच्या धंद्यात याला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात. अँटिव्हायरस इतका कडक केला, की त्याने विंडोजच्याच फाइली उडवल्या. मग मशीन सुरक्षित आहे, पण चालू होत नाही.

जोरात बटण दाबलं तर काय होतं हे एकदा माणसांवर दिसलेलं आहे. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलच्या आवारात टीजीएन १४१२ नावाच्या औषधाची पहिली मानवी चाचणी झाली. आपल्या टी-पेशी बँकेच्या लॉकरसारख्या असतात, एका किल्लीने उघडत नाहीत. 'हा परका आहे' हा एक सिग्नल आणि 'खरंच धोका आहे' हा दुसरा, असे दोन्ही मिळाले तरच त्या कामाला लागतात. हे औषध एकाच किल्लीने लॉकर उघडत होतं. प्राण्यांमध्ये सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या ५०० पट कमी डोस दिला होता, तरी औषध घेतलेले सहाही धडधाकट तरुण काही तासांत गंभीर झाले आणि त्यांचे अवयव निकामी होऊ लागले. सहाही जण वाचले, पण एकाला हातापायाच्या बोटांचे भाग गमवावे लागले. शरीरात एकही जंतू शिरला नव्हता बरं का. जे काही केलं ते स्वतःच्याच सैन्याने.

म्हणून शरीर या सैन्याला आवरण्यावर प्रचंड खर्च करतं. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, ती या टी-पेशींची शाळा. तिथे शिरलेल्या पेशींपैकी ९५ टक्क्यांहून अधिक नापास होतात आणि नापास म्हणजे मरण. काही निरुपयोगी म्हणून, काही आपल्याच शरीराला शत्रू समजतात म्हणून. तरीही काही निसटतातच. त्यांच्यावर लक्ष ठेवायला वेगळ्या टी-पेशी असतात. त्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिल्या. मेरी ब्रुंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यांच्याशी निगडित जनुक शोधलं. या तिघांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. थोडक्यात, नोबेल मिळालं ते ब्रेकच्या शोधाला. आणि आपण पैसे मोजतोय ॲक्सिलरेटरसाठी.

करोनाचंच बघा. घरोघरी बूस्टरचे काढे उकळत होते, तेव्हा जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीतून कळलं, की डेक्सामेथासोन हे स्वस्त, जुनं स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी करतं. स्टेरॉइड काय करतं? रोगप्रतिकारशक्तीला शांत करतं! अर्थात ब्रेक वाट्टेल तसा दाबणंही महागात पडतं. २०२१ मध्ये आपल्याकडे म्युकरमायकोसिसने जो हाहाकार केला, त्यात अनियंत्रित डायबेटिस आणि स्टेरॉइडचा अतिरेक हीच मोठी कारणं होती.

"पण काढ्याने नुकसान तर नाही ना?" हे नेहमीचं वाक्य. २०२१ मध्येच मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्या यकृताला इजा झाली होती आणि तपासणीतलं चित्र शरीराने स्वतःच्याच यकृतावर हल्ला केल्यासारखं होतं. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही. सहा जणांवरून गुळवेलीला फाशी द्या असं मीही म्हणणार नाही. पण जी गोष्ट रोगप्रतिकारशक्तीवर खरोखर परिणाम करते असा आपला दावा आहे, तिचा वाईट परिणाम होणारच नाही, असं कसं? औषध असेल तर त्याला डोस हवा, साइड इफेक्ट हवेत. नसेल तर ते सरबत म्हणून विका की!

आता याचा अर्थ हातावर हात धरून बसायचं असा नाही. कुपोषण असेल, झिंक किंवा ड जीवनसत्त्व कमी असेल, तर ते भरून काढलंच पाहिजे. पण ती दुरुस्ती झाली. टाकी भरली की वर ओतलेलं पेट्रोल जमिनीवर सांडतं.

खरा उपाय शिकवण्याचा. या सैन्याला बळ पुष्कळ आहे, त्याला हवा असतो शत्रूचा फोटो. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. परळच्या संस्थेला त्यांचंच नाव आहे. ज्या शहरात हे घडलं, तिथला महिना लाख कमावणारा माणूस आज बूस्टरवर हजार रुपये उडवतो, पण धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, हे त्याला सांगता येत नाही. हेपॅटायटिस बी? एचपीव्ही? फ्लू? "ते लहान मुलांचं असतं ना?" नाही हो.

आणि झोप. २००२ मधल्या एका छोट्या अभ्यासात काही रात्री चारच तास झोपलेल्या तरुणांना फ्लूची लस दिली. दहा दिवसांनी त्यांच्या अँटिबॉडीज नीट झोपलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी होत्या. पुढे हा फरक भरून निघाला, पण रिलीजच्या आठवड्यात रात्री दोनला काढा पिऊन बग सोडवणाऱ्यांनी याचा जरा विचार करावा.

असो. खरा बूस्टर एकच, लसीचा बूस्टर डोस. तुमचं लसीचं कार्ड बहुधा आईच्या कपाटात, जुन्या रेशन कार्डाच्या खाली असेल. या रविवारी फोन करून शोधायला सांगा आणि त्यात काय राहिलंय ते डॉक्टरांना विचारा. तसंही फोन करून बरेच दिवस झाले असतील.