‘मोकळी जमीन’ म्हणजे कोणती?

दस्तऐवजातील एका शब्दाने केवढी उलथापालथ होते, हे व्यापारी वर्गास आम्ही सांगावयास नको. करारात ‘माल पोहोचल्यावर’ असे असावयाचे, त्या जागी ‘माल रवाना झाल्यावर’ असे पडले, तर वाटेतील सारी नुकसानी कोणाच्या माथी बसते हे प्रत्येक पेढीवाला जाणतो. मुंबईच्या गिरणगावातील सुमारे ६०० एकर जमिनीची कथा ह्याच जातीची आहे. ती जुनी झाली असे कोणी म्हणेल. परंतु जमिनीच्या उपयोगात फेरफार करण्याचे अर्ज आज प्रत्येक नगरपालिकेपुढे पडत आहेत. सबब ह्या कथेतील धडा आमच्या वाचकांनी नीट समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणीकामगार उतरले. पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या, आणि कापडापेक्षा गिरणीखालच्या मातीलाच अधिक मोल आले. ही जमीन कारखान्यांसाठी राखलेली होती. तिच्यावर कचेऱ्या वा राहती घरे बांधण्यास कायद्याची मोकळीक नव्हती. ती मोकळीक १९९१ सालच्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने दिली. मात्र तीसोबत एक अट घातली. जमीन नव्याने विकसित करावयाची असेल, तर ढोबळ मानाने तिचा एक तृतीयांश भाग उद्याने व मैदाने यांसाठी महापालिकेस, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी ‘म्हाडा’स, आणि उरलेला मालकास, अशी ती वाटणी होती.

यात मालकावर अन्याय झाला, असे म्हणता येईल काय? आमच्या मते मुळीच नाही. जमीन मालकाची होती हे खरे. परंतु तिचा उपयोग बदलण्याची परवानगी ही समाजाने दिलेली देणगी होती. सही होताच जे मोल कित्येक पटींनी वाढले, ते मालकाच्या भांडवलाने वा उद्योगाने वाढलेले नव्हते; भोवती रस्ते, रेल्वे आणि पाण्याचे नळ होते, आणि नगर वाढले होते, म्हणून ते वाढले. ज्याने मोल वाढविले त्याने त्यातील वाटा मागावा, हा सरळ व्यवहार होय.

२००१ साली ह्या नियमात दुरुस्ती झाली. वाटणीचे कोष्टक मोडले नाही. ते फक्त ‘मोकळ्या जमिनी’पुरते लागू राहिले, आणि जुन्या इमारती पाडून जी जमीन मोकळी होईल ती त्यातून वगळण्यात आली. आता गिरणीच्या आवारात इमारतींचे छप्पर नसलेली जागा ती कितीशी असणार? एक तृतीयांश हा आकडा कायम राहिला. पण तो कशाचा एक तृतीयांश, हेच बदलून गेले. प्रकरण न्यायालयात गेले. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निर्णय दिला. परंतु २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून दुरुस्ती ग्राह्य धरली. न्यायालयाचा निर्णय आम्ही शिरसावंद्य मानतो. परंतु दुरुस्ती कायदेशीर ठरली म्हणजे ती शहाणपणाचीही ठरली, असे नव्हे.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. जुन्या नियमाखाली फारसे मालक पुढे येत नव्हते. बँकांची देणी व कामगारांची थकबाकी तुंबली होती. आणि जो नियम कोणी वापरीतच नाही त्यापासून कोणाचेच हित होत नाही, असे सांगण्यात आले. ह्या म्हणण्यात तथ्य आहे हे आम्ही नाकारीत नाही. परंतु वाटणी जड होत होती, तर तिचे प्रमाण उघडपणे चर्चून बदलावयाचे होते. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली १९९६ साली नेमलेल्या अभ्यासगटाने तर गिरण्यांचा सुटा सुटा विचार न करता एकत्रित आराखडा करण्याची वाट दाखविली होती. ती सोडून एकेक भूखंडास स्वतंत्र परवानगी देण्याचा मार्ग पत्करण्यात आला.

परिणाम सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. ज्या वस्तीत कामगार पायी गिरणीत जात, तेथे मनोरे उभे राहिले. रस्ते व स्थानके त्या मानाने वाढली नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत वीसहून अधिक माणसे मेली. त्याच वर्षी २९ डिसेंबर रोजी कमला मिलच्या आवारात आगीने १४ बळी घेतले. प्रत्येक दुर्घटनेची तात्कालिक कारणे निराळी असतील. परंतु गर्दी कोठे व किती होणार याचा हिशेब आधी न मांडल्याचे फळ याहून निराळे कसे असावे? आणि कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली ती २०१२ साली, म्हणजे संपानंतर तब्बल ३० वर्षांनी. लाखाहून अधिक अर्जदारांपुढे ती घरे म्हणजे दर्यामे खसखस!

नगराचा हक्क केवळ दुरुस्तीनेच जातो असेही नाही. मैदान, शाळा वा दवाखाना यांसाठी आराखड्यात राखून ठेवलेली जागा दहा वर्षांत घेतली नाही, तर १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याप्रमाणे मालक खरेदी सूचना देऊ शकतो. आणि मुदतीत पालिकेने पाऊल उचलले नाही, तर राखीवपणा आपोआप नाहीसा होतो. येथे कोणी अनुचित ठराव करावयास नको. नुसते स्वस्थ बसले तरी मैदान जाते. नाकर्तेपणाचा ठराव कोणत्याही इतिवृत्तात लिहिला जात नाही, म्हणूनच तो अधिक भयंकर होय.

मग नागरिकांच्या हाती काहीच नाही काय? तसे नाही. मुंबईच्या नव्या विकास आराखड्याचा पहिला मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये निघाला, तेव्हा त्यातील चुका लोकांनीच दाखविल्या, हजारो हरकती आल्या, आणि एप्रिलमध्ये सरकारास तो नव्याने करण्याची आज्ञा द्यावी लागली. सुधारलेला आराखडा २०१८ साली मंजूर झाला. जागृत लोकमतापुढे सरकार नमते, याचा हा ताजा पुरावा आहे.

सबब आमच्या तीन सूचना आहेत. उपयोग बदलाच्या प्रत्येक सूचनेत, ह्या फेरफाराने सार्वजनिक जागा किती चौरस मीटर वाढते वा घटते, हे सोप्या मराठीत छापावे. राखीव भूखंडांची यादी, दहा वर्षे पुरी होण्याच्या तारखेसह, प्रत्येक विभाग कचेरीत लावावी. आणि अशा ठरावांवर कोणत्या सभासदाने कोणत्या बाजूस मत दिले, ते नावानिशी नोंदवावे. यांस पैसा लागत नाही. इच्छा मात्र लागते.

आमच्या वाचकांस शेवटची विनंती एवढीच. पेढीवर आलेला कागद आपण वाचल्यावाचून सही करीत नाही; मग नगराच्या नावे निघालेला कागद न वाचता का जाऊ द्यावा? आपल्या विभागातील पुढची सूचना निघेल, तेव्हा तिच्यातील प्रत्येक शब्द तपासावा, आणि हरकत असल्यास ती मुदतीच्या आत लेखी द्यावी.