झिरोत पाहायचं काय?
अरुणाचलातल्या झिरो खोऱ्यात ‘पॉइंट’ नाहीत, ही आपल्या पर्यटकांची पहिली तक्रार. आहे ती भातशेती. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर आपातानी लोक ती पिढ्यान्‌पिढ्या नांगर-बैलांशिवाय करत आलेत. खाचरातल्या पाण्यात मासे सोडतात, बांधावर नाचणी लावतात. बांधाला तूर लावणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यातलं शहाणपण लगेच कळेल. महाबळेश्वरी स्ट्रॉबेरी-क्रीम खाऊन परतणाऱ्याला, शंकाच आहे. सप्टेंबरातला संगीत महोत्सव टाळा, गर्दी तिथेही पोचली. त्यापेक्षा जुलैत, द्री सणाला जा, कुणाच्या घरी उतरा. गोंदलेल्या चेहऱ्याच्या आजीबाईंवर न विचारता कॅमेरा रोखू नका. आणि हो, इनर लाइन परमिट आधीच काढा. त्याशिवाय राज्यात प्रवेश नाही.