जूनचं टिपण जपून ठेवा

साहित्याच्या वर्गात वर्षभरात मुलांची किती वाढ झाली, हे गुणपत्रिकेवरून कळत नाही. पहिल्या सत्रात साठ टक्के मिळवणारी मुलगी दुसऱ्या सत्रातही तेवढेच मिळवते, आणि तरीही मधल्या काळात ती वाचायला शिकलेली असते. हे शिकणं मोजण्याची सोय आपण करायलाच हवी.

माझ्या प्रथम वर्षाच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीचं पाहा. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’वर (१९५५) जूनमध्ये तिनं लिहिलं, की या कादंबरीत ग्रामीण जीवनाचं वास्तव चित्रण असून भाषा साधी, सोपी व ओघवती आहे. यात चूक काहीच नाही. पण हे वाक्य कुठल्याही ग्रामीण कादंबरीला चालतं. दोष तिचा नव्हे. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये या तीन मुद्द्यांत रसग्रहण बसवायचं, एवढंच तिला शाळेत शिकवलेलं. मुद्दे भरले की गुण मिळतात. मूळ पुस्तक उघडलं होतं का, हे कुणी विचारत नाही.

आम्ही वर्गात एकच शिस्त पाळली. विधान केलं, की पान दाखवायचं. ‘वास्तव’ म्हणतेस, तर कुठल्या प्रसंगात? सुरुवातीला मुलं वैतागली. दिवाळीनंतर मात्र टिपणांतली विशेषणं कमी होऊ लागली आणि पुस्तकांतली माणसं दिसू लागली.

अभ्यासक्रमातून ‘बनगरवाडी’ ऑक्टोबरलाच संपली होती. तरी मार्चमध्ये मी पुन्हा त्याच कादंबरीवर लिहायला सांगितलं. तिनं लिहिलं : मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला येतो, पण त्याच्या पुढाकारानं गाव राबतं ते तालीम बांधायला. पुढे दुष्काळ पडतो, माणसं जगायला बाहेर पडतात, तालीम जागच्या जागी राहते. मग मास्तरानं वाडीला नेमकं काय दिलं? आणि पुढचा प्रश्न : वाडीतल्या बायका आपल्याला परगावच्या तरुण मास्तराच्याच नजरेनं दिसतात; त्यांना तो कसा दिसत असेल? हा प्रश्न वर्गात कुणीच काढला नव्हता. तो तिचा स्वतःचा होता.

तिच्या लेखनात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका अजून आहेत. परीक्षक त्यांवर लाल खुणा करील. तिचा प्रश्न त्याच्या नजरेला पडेलच, याची खात्री नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. अंतर्गत मूल्यमापनातले काही गुण या प्रवासासाठी राखून ठेवा. वर्षाच्या सुरुवातीचं टिपण शिक्षकानं जपून ठेवावं. दुसऱ्या सत्राच्या अखेरीस, गाईड बाजूला ठेवून, त्याच पुस्तकावर वर्गातच नव्यानं लिहून घ्यावं. मग जुनं टिपण हातात द्यावं आणि आपल्या वाचनात काय बदललं, ते विद्यार्थ्यालाच चार ओळींत नोंदवू द्यावं.

वर्गात शंभर मुलं असताना हे जमायचं कसं, असं सहकारी विचारतील. वर्षातून दोनदा एकेक पान तपासायचं आहे. निबंधांचे गठ्ठे तपासण्यापेक्षा ते नक्कीच हलकं आहे. खरी अडचण सत्रपद्धतीची आहे. सत्र संपलं की पुस्तक संपतं, आणि ज्या पुस्तकाकडे परतायचंच नाही त्यावर दुसरा विचार कोण करील? अभ्यासमंडळांनी पहिल्या सत्रातल्या एका पुस्तकाला दुसऱ्या सत्रात पुन्हा जागा द्यावी. त्यासाठी नवा निधी लागत नाही, नवी इमारतही लागत नाही. पुढच्या जूनपासून हे सुरू करता येईल.