बालमोरलची परीक्षा: हसे नेमके कुणाचे?

'द क्राउन' मालिकेच्या चौथ्या सीझनमधला (२०२०) बालमोरलचा भाग खरोखर विनोदी आहे. पंतप्रधान मार्गारेट थॅचर राणीच्या स्कॉटलंडमधल्या वाड्यावर पाहुण्या म्हणून जातात. संध्याकाळी नटूनथटून खाली येतात, तर राजघराणे अजून मळक्या कपड्यांतच. शिकारीला निघतात टाचांचे बूट घालून. बसतात ती खुर्ची नेमकी व्हिक्टोरिया राणीची! घरचे हसतात, आपणही हसतो.

पण हसे कुणाचे होते? थॅचर ग्रँथमच्या किराणा दुकानदाराची मुलगी, ऑक्सफर्डला शिकलेली, निवडून आलेली. त्याच भागात डायना येते आणि सहज पास होते. ती उमरावाची मुलगी. या परीक्षेचा अभ्यासक्रम तिच्या घरातच होता. नियम सांगायचे नाहीत आणि चुकले की हसायचे, याला ते 'कल्चर' म्हणतात.

आपल्याला हे नवे नाही. मुलाखतीत आपल्या 'न-ण'वर हसणारेही हीच परीक्षा घेतात आणि निकालाला 'मेरिट' म्हणतात. अर्थात, वर्गाची चेष्टा म्हणजे जातीचा विटाळ नव्हे. आणि थॅचरबाई आपल्या नायिकाही नव्हेत. १९८४-८५ च्या संपात त्यांनी खाणकामगारांची संघटना मोडून काढली. खालून वर गेलेला माणूस खालच्यांचाच राहील, याची हमी नसते.

मित्रांनो, मालिका जरूर बघा, पोटभर हसा. फक्त हसताना एवढे विचारा: नियम कुणी केले, आणि ते आधीपासून कुणाला ठाऊक होते?

जय भीम!