सागरी पवनऊर्जा : वारा आपला, संशोधक कोणाचे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी सागरी पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटी रुपयांच्या व्यवहार्यता तफावत निधीला मंजुरी दिली. त्यांपैकी ६,८५३ कोटी रुपये गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांलगतच्या प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी, तर ६०० कोटी रुपये दोन बंदरांच्या सुधारणेसाठी आहेत. या दोन रकमांची बेरीज केली की मंजूर निधी संपतो. भर समुद्रात पवनचक्की उभारण्याचे आणि ती पंचवीस वर्षे टिकवण्याचे शास्त्र जाणणारे मनुष्यबळ कोठून येणार, यासाठी त्यात स्वतंत्र तरतूद नाही.

याच काळात युरोपातील विद्यापीठे सागरी पवनऊर्जा अभियांत्रिकीतील पीएच.डी.साठी पूर्ण अर्थसाह्यासह जागा जाहीर करीत आहेत आणि भारतीय अभियंते त्यांसाठी अर्ज करीत आहेत. या संधी खऱ्या आहेत. त्यांचा लाभ घेण्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच आहे, की तेथे घडणाऱ्या ज्ञानाला भारताच्या किनाऱ्यावर काम मिळणार का?

युरोपची आघाडी एका दिवसात आलेली नाही. जगातील पहिला सागरी पवनऊर्जा प्रकल्प डेन्मार्कमधील विंडेबी येथे १९९१ मध्ये सुरू झाला. त्यात अवघ्या ११ पवनचक्क्या होत्या आणि एकूण क्षमता जेमतेम पाच मेगावॅट. २०१७ मध्ये तो मोडीत काढला गेला, त्याच वर्षी स्कॉटलंडच्या किनाऱ्याबाहेर ३० मेगावॅटचा 'हायविंड' हा पहिला तरंगता पवन प्रकल्प वीज देऊ लागला. इंग्लंडमधील हल हे एके काळी मासेमारीसाठी ओळखले जाणारे बंदर. तेथे २०१६ मध्ये पवनचक्क्यांच्या पात्यांचा कारखाना उभा राहिला आणि त्याच शहरातील विद्यापीठाने शेजारच्या विद्यापीठांना सोबत घेऊन सागरी पवनऊर्जेचे डॉक्टरेट प्रशिक्षण केंद्र चालवले. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातही असेच केंद्र आहे. बंदर, कारखाना आणि विद्यापीठ एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असले, की संशोधनाचे विषय कारखान्याच्या अडचणींतून निघतात आणि उत्तरांना तत्काळ गिऱ्हाईक मिळते. हे तेथील यशाचे खरे कारण आहे.

या जागांसाठी अर्ज करणाऱ्यांनी 'पूर्ण अर्थसाह्य' या शब्दांचा अर्थ देशागणिक बदलतो, हे ध्यानात घ्यावे. डेन्मार्क, नॉर्वे आणि नेदरलँड्समध्ये पीएच.डी. संशोधक हा बहुतांशी विद्यापीठाचा वेतनधारी कर्मचारी असतो. म्हणून तेथे प्रवेशपरीक्षेऐवजी नोकरीप्रमाणे जाहिरात, अर्ज आणि मुलाखत असते. ब्रिटनमध्ये त्याला विद्यार्थी मानले जाते. तेथील शासकीय संशोधन निधीतून मिळणारे किमान विद्यावेतन २०२५-२६ साठी वार्षिक २०,७८० पौंड असून ते करमुक्त आहे. २०२१ पासून या जागा परदेशी विद्यार्थ्यांनाही खुल्या झाल्या, मात्र त्यांचे प्रमाण साधारण ३० टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवले जाते. त्यामुळे एकाच केंद्रात स्थानिक आणि परदेशी उमेदवारांसाठी स्पर्धेची तीव्रता वेगवेगळी असते. युरोपीय संघाच्या मारी क्युरी डॉक्टरेट योजनेत राष्ट्रीयत्वाची अट नाही. परंतु मागील ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक काळ यजमान देशात राहिलेला उमेदवार अपात्र ठरतो. तेथेच पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या अनेकांची गाडी याच अटीवर अडते.

खर्चाची बाजूही तपासून घ्यावी. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड आहे आणि तो अर्जासोबतच संपूर्ण कालावधीसाठी भरावा लागतो. चार वर्षांसाठी ही रक्कम तीन हजार पौंडांच्या वर, म्हणजे साडेतीन लाख रुपयांच्या घरात जाते. पहिले विद्यावेतन हाती येण्यापूर्वीच हे पैसे उभे करावे लागतात. मध्यमवर्गीय किंवा शेतकरी कुटुंबातील मुलासाठी किंवा मुलीसाठी ही अडचण किरकोळ नाही. हा खर्च विद्यापीठ उचलते का, हे प्रवेश स्वीकारण्यापूर्वी लेखी विचारून घेणे शहाणपणाचे. अभियांत्रिकीच्या काही शाखांतील संशोधनासाठी भारतीय नागरिकांना ब्रिटिश सरकारची वेगळी शैक्षणिक मंजुरीही घ्यावी लागते; तिला वेळ लागतो.

मायदेशातील पर्यायही आता दुर्लक्षिण्याजोगे राहिलेले नाहीत. पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती योजनेत पहिली दोन वर्षे दरमहा ७० हजार, तिसऱ्या वर्षी ७५ हजार आणि पुढील दोन वर्षे ८० हजार रुपये मिळतात. शिवाय दरवर्षी दोन लाख रुपयांचे संशोधन अनुदान असते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या योजनेतून पाच वर्षांत दहा हजार अधिछात्रवृत्त्या देण्याची घोषणा झाली. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कमही जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये झाली आहे. मद्रास आणि खरगपूर येथील आयआयटींमध्ये सागरी अभियांत्रिकीचे स्वतंत्र विभाग आहेत. राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था आणि राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था या दोन्ही चेन्नईतच आहेत. म्हणजे पैसा आहे, संस्था आहेत. उणीव आहे ती या सर्वांना एका प्रश्नाभोवती बांधणाऱ्या धाग्याची.

प्रश्न मात्र खास आपले आहेत. उत्तर समुद्रातील वाळूत रुतवलेला पाया खंबातच्या आखाताच्या मऊ चिखलमातीत तसाच वागेल, असे गृहीत धरता येत नाही. त्या आखातातील भरती-ओहोटीचा जोर देशात सर्वाधिक मानला जातो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने गुजरातचा किनारा गाठण्यापूर्वी मुंबईजवळच्या समुद्रात एक तराफा बुडवला आणि सत्तरहून अधिक जीव घेतले. पवनचक्क्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात उष्णकटिबंधीय वादळांसाठी स्वतंत्र वर्ग समाविष्ट झाला तो २०१९ मध्ये. पावसाळ्यातील खवळलेल्या समुद्रामुळे बांधकाम आणि दुरुस्तीसाठी वर्षातले मोजकेच महिने हाती राहतात. यांतील प्रत्येक मुद्दा एकेका पीएच.डी.चा विषय आहे आणि त्यांची उत्तरे मिळेपर्यंत गुंतवणूकदार जोखमीची किंमत वाढवूनच लावणार.

धोरणाचा इतिहास याला दुजोरा देतो. राष्ट्रीय सागरी पवनऊर्जा धोरण २०१५ मध्ये आले. २०१७ मध्ये खंबातच्या आखातात वारा मोजणारे लिडार यंत्र बसले. २०१८ मध्ये २०३० पर्यंत ३० गिगावॅटचे उद्दिष्ट जाहीर झाले. त्यानंतर तामिळनाडूतील चार गिगावॅट आणि गुजरातमधील ५०० मेगावॅटसाठी निघालेल्या निविदा ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द कराव्या लागल्या. जमिनीवरील पवनऊर्जेने मार्च २०२५ मध्ये ५० गिगावॅटचा टप्पा ओलांडला, समुद्रात मात्र एकही व्यावसायिक पवनचक्की उभी नाही. २०२६ मध्ये पीएच.डी.ला प्रवेश घेणारा विद्यार्थी २०३० च्या सुमारास बाहेर पडेल. तोवर प्रकल्प उभे नसतील, तर परदेशी शिकलेला तेथेच राहील आणि येथे शिकलेला दुसरे क्षेत्र शोधेल.

यावर उपाय फार खर्चिक नाही. मंजूर निधीच्या केवळ एक टक्का रक्कम, म्हणजे सुमारे ७४ कोटी रुपये, सागरी पवनऊर्जेतील संशोधकांसाठी राखून ठेवली, तर सध्याच्या सर्वोच्च दराने पाच वर्षांच्या सुमारे दीडशे अधिछात्रवृत्त्या देता येतील. प्रकल्प मिळवणाऱ्या कंपनीला समुद्रतळाची आणि वाऱ्याची मोजमापे भारतीय विद्यापीठांना खुली करण्याची अट घालता येईल. परदेशातील पीएच.डी.धारकांना परतीसाठी ठरावीक मुदतीची पदे देता येतील.

समुद्रात पोलादी मनोरे उभारण्याची विद्या आपल्याला नवी नाही. 'सागर सम्राट'ने १९७४ मध्ये बॉम्बे हायचे तेल शोधले आणि दोनच वर्षांत तेथून उत्पादन सुरू झाले. त्या काळी देशाने तेलासाठी माणसे घडवली. वाऱ्यासाठी ती घडवायची, तर शिक्षण आणि प्रकल्प यांचे वेळापत्रक एकत्रच आखावे लागेल.