बिझनेस क्लास कोणाच्या पाठीसाठी?

विमानातील बिझनेस क्लास म्हणजे निव्वळ उधळपट्टी, हा मध्यमवर्गीय निर्वाळा आम्हांस अर्धवट वाटतो. परंदवडीकराने बेगडेवाडी स्थानकावरून लोकलने उभ्याउभ्या पुणे गाठणे तासाभराचे. अमेरिकेपर्यंत 15-16 तास बसून राहणे निराळे. तेथे आडवे होता येणे ही चैन नव्हे. पण ते लाभते कोणाला? कंपनीच्या खर्चाने तिशीतल्या सल्लागाराला! लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई सुजल्या पायांनी मागेच. 1930 साली सुरू झालेल्या डेक्कन क्वीनला पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. तिसरा 1955 साली आला. वर्ग तेव्हाही गरज पाहून ठरत नव्हता. पदरचे कित्येक पट भाडे मोजायचेच, तर ते आईसाठी मोजावे. निदान सहा महिने राबून ती परतते तेव्हा तरी.