तेल काढले, गाळ कोण निस्तरणार?

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, फोर्ट मॅकमरेच्या आसपासच्या वाळूत जगातल्या सर्वांत मोठ्या तेलसाठ्यांपैकी एक अडकून पडला आहे. वाळूच्या प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ थर आणि त्याला लपेटून बिट्युमेन, म्हणजे डांबरासारखे घट्ट तेल. वजनाने जेमतेम १० ते १२ टक्के. बॅरलभर तेलासाठी सुमारे दोन टन वाळू उपसावी लागते. हे तेल केवळ खासगी कंपन्यांच्या हिकमतीने बाहेर आलेले नाही. सरकारी तिजोरीने त्यासाठी अनेक दशके दम धरला. मागे उरलेला गाळ निस्तरताना मात्र ती चिकाटी कुठेच दिसत नाही.

प्रांतिक संशोधन परिषदेतले कार्ल क्लार्क यांनी १९२०च्या दशकात एक सोपी वाटणारी रीत बसवली. गरम पाण्यात थोडा कॉस्टिक सोडा घालून वाळू घुसळायची. बिट्युमेन सुटते, हवेच्या बुडबुड्यांना चिकटून फेस होऊन वर येते, वाळू तळाशी बसते. १९२९ मध्ये पेटंट मिळाले, पण धंदा जमायला पुढची चार दशके गेली. बिटुमाउंटचा कारखाना रखडत राहिला, अबासँडचा दोनदा जळाला. १९५०च्या दशकाअखेर तर जमिनीखाली अणुस्फोट करून तेल पातळ करण्याचा प्रस्ताव आला आणि सरकारने तो गांभीर्याने तपासलाही! अखेर ३० सप्टेंबर १९६७ रोजी ग्रेट कॅनेडियन ऑइल सँड्सचा प्रकल्प सुरू झाला. क्लार्क त्याआधीच, डिसेंबर १९६६ मध्ये वारले होते.

बराचसा साठा मात्र खाणीच्या आवाक्याबाहेर, खोल आहे. त्यासाठी प्रांताने १९७४ मध्ये ‘ऑस्ट्रा’ ही खास संस्था काढली. अभियंते रॉजर बटलर यांची कल्पना अशी, की एकाखाली एक, साधारण पाच मीटर अंतरावर दोन आडव्या विहिरी खोदायच्या. वरच्या विहिरीतून वाफ सोडायची, खालच्या विहिरीत वितळलेले तेल गोळा करायचे. ती खरी उतरते का हे पाहण्यासाठी ऑस्ट्राने तेलवाळूच्याही खालच्या चुनखडकात बोगदे खणले. एवढी जोखीम सार्वजनिक पैशाने उचलली म्हणूनच आज तिथे खाणीविना तेल निघते.

गाळाची गोष्ट नेमकी उलटी आहे. जाड वाळू लगेच बसते, पण बारीक चिकणमाती पाण्यात पातळ दह्यासारखी तरंगत राहते. तिला घट्ट व्हायला अनेक दशके लागतात आणि तोवर हा गाळ मोठ्या तलावांत साठवून ठेवावा लागतो. सनकॉर कंपनीने २०१० मध्ये असा पहिला तलाव बुजवून त्यावर झाडे लावली, तेव्हा त्यातला हा बारीक गाळ दुसऱ्या तलावात हलवला होता. २००८ मध्ये सिंक्रूड कंपनीच्या तलावात उतरून सुमारे १,६०० बदके मेली. पुढच्याच वर्षी नियामकाने गाळ आटवण्याचे सक्त नियम केले. कंपन्यांना ते पाळता आले नाहीत, तेव्हा २०१५ मध्ये नियमच मागे घेतले. आता खाण बंद झाल्यावरही दहा वर्षांची सवड आहे.

या सवलतीची किंमत खाणींजवळून वाहणाऱ्या नदीच्या खालच्या अंगाला राहणारे लोक मोजतात. कर्ल खाणीतून दूषित पाणी झिरपत असल्याचे २०२२च्या मे महिन्यात लक्षात आले होते. फोर्ट चिपेवायनच्या आदिवासी समाजांना त्याचे खरे गांभीर्य कळले ते २०२३च्या फेब्रुवारीत, मोठी गळती झाल्यावर. तिथली माणसे त्याच परिसरात मासेमारी आणि शिकार करतात.

खाणी पूर्ववत करण्याचा खर्च कित्येक अब्ज डॉलरांत जातो आणि कंपन्यांकडून घेतलेले तारण त्याच्या तुलनेत किरकोळ आहे. अल्बर्टाने हे तारण वाढवावे, त्यातून गाळासाठी ऑस्ट्राच्याच तोडीची संशोधन संस्था उभारावी, तिच्या कारभारात फोर्ट चिपेवायनच्या प्रतिनिधींना मताधिकार द्यावा आणि तलाव आटताना दिसेपर्यंत खाणींच्या विस्ताराला परवानगी देऊ नये.